मुलांचे निवेदन नाशिक महापालिकेपर्यंत कसे न्यावे

मुलांचा गट जमला आहे, पालकांची संमती मिळाली आहे आणि मुलांना परिसराविषयी काही सांगायचे आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

शाळा किंवा क्लास ज्या वेळी सुटतो त्याच वेळी मुलांसोबत तो रस्ता पायी फिरावा, त्यांना जे खटकते ते त्यांनीच वहीत टिपावे आणि त्यातला एकच प्रश्न निवडावा. दहा मागण्यांचे निवेदन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते.

खरा कस लागतो तो निवेदन लिहिताना, कारण येथेच मोठी माणसे मुलांच्या हातातली लेखणी काढून घेतात. एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘संध्याकाळी साडेसातला क्लास सुटतो, मंदिरापासून वळणापर्यंत तीन खांबांवर दिवे नाहीत, तेवढा रस्ता आम्ही पळत जातो.’ मोठ्यांनी त्याचे ‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे करून टाकले, आणि त्याबरोबर वेळ, जागा, खांबांची संख्या, इतकेच नव्हे तर पळणारी मुलेही कागदावरून नाहीशी झाली. अशा मोघम अर्जाला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग’ असे तितकेच मोघम उत्तर येते. म्हणून मुलांचे वाक्य शुद्धलेखनापलीकडे बदलू नये, हे माझे ठाम मत आहे; मोठ्यांनी फक्त खांबांचे क्रमांक, विभागाचे नाव आणि एक स्पष्ट मागणी जोडावी. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, आणि भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारलेली आहे. ते मत मोठ्यांच्या भाषेत असावे, अशी अट त्यात कोठेही नाही.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. निवेदनाच्या प्रती पुढे कोठे जातील, हे आपल्या हाती नसते, म्हणून मुलांचे आडनाव, पत्ता किंवा मोबाइल क्रमांक त्यात घालू नये. पहिले नाव आणि इयत्ता पुरे, अर्जदार म्हणून सही पालकाची असावी. निवेदन देताना फोटोसाठी मुलांना कोणत्याही पक्षाच्या फलकाखाली उभे करू नये.

पुढचे काम सोपे आहे. दिव्यांसाठी विद्युत, खड्ड्यांसाठी बांधकाम, कचऱ्यासाठी घनकचरा व्यवस्थापन अशी खात्याची नोंद करून नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिक रोड आणि नवीन नाशिक यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यावा, व आयुक्तांच्या नावाची प्रत महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात द्यावी. प्रश्न मुंबई-आग्रा महामार्गावरचा असेल, तर तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे न्यावा लागतो, हे आधीच पाहून घ्यावे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

उत्तर आले नाही, तर पालकाने त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकारात अर्ज करावा व निवेदनावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. शुल्क 10 रुपये आणि मुदत 30 दिवसांची आहे. आलेले उत्तर, मग तो नकार का असेना, त्यातल्या कारणांसह मुलांना बसवून वाचून दाखवावे आणि पुढे अपील करायचे की नवा अर्ज द्यायचा, हे त्यांनाच विचारावे.