एफवायला बायोलॉजी घेतलंय? प्रॅक्टिकलसकट वर्ष नीट कसं काढायचं

बारावीनंतर बीएस्सीला बायोलॉजी घेतलेली बहुतेक पोरं पहिला महिना लेक्चरच्या नोट्समागे पळतात आणि प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्यातून दोनदा पांढरा कोट घालून उभं राहायचं काम असं समजतात. मी पण तेच केलं. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून दादरच्या बाजूच्या कॉलेजला यायचे, साडेसातची बॅच, अर्धी झोपेत, समोर काय चाललंय ते शेजारणीच्या जर्नलमधून उतरवलं की सुटले. पहिली टर्म संपता संपता लक्षात आलं की गाडी उलटी चाललीय, लेक्चरला जे डोक्यावरून जातं ते लॅबमध्ये एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पाठ करायची गरजच उरत नाही. म्हणून हे सगळं लॅबच्या बाजूने सांगतेय, थेअरी मधे मधे येईलच.

पहिल्या आठवड्यात

आधी आपली बॅच कुठली आणि कुठल्या दिवशी ते नोटीस बोर्डवरून नीट उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विश्वास ठेवू नका, तिथे कायम मागच्या वर्षीचं टाइमटेबल फिरत असतं. प्रॅक्टिकलची अटेंडन्स वेगळी मोजतात का ते मॅडमना थेट विचारा. 75 टक्क्यांच्या खाली गेलं की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि मग आईबाबांना घेऊन या वगैरे प्रकार सुरू होतात.

कोट कॉटनचाच घ्या. सिंथेटिक स्वस्त पडतो पण बर्नरच्या आसपास तो वितळून अंगाला चिकटतो, आणि मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये त्यात जीव जातो ते वेगळंच. डिसेक्शन बॉक्समध्ये चिमटा, दोन सुया, एक ब्रश आणि नवीन ब्लेड एवढं असलं तरी पुरतं. पेन्सिल दोन ठेवा, एचबी आणि 2एच, आणि खोडरबर स्वतःचा, कारण लॅबमध्ये उसना दिलेला खोडरबर परत येत नाही. पुस्तकांवर पहिल्याच महिन्यात पैसे घालवू नका. सिलॅबस बदलत राहतो, आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयाची) भानगड आहे, त्यामुळे आधी सिलॅबसची प्रिंट काढा, मग लायब्ररी, आणि अगदीच हवं असेल तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फाउंटनला जुनं पुस्तक बघा.

आणि हो, झुरळ-बेडूक कापावे लागतील म्हणून घाबरून झूलॉजी सोडणारे अजून भेटतात. यूजीसीने (विद्यापीठांचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) 2014 मध्येच प्राण्यांची डिसेक्शन्स बंद करायला सांगितलंय, आता चार्ट, मॉडेल, स्पेसिमेन नाहीतर कॉम्प्युटरवर असतं. काकूंनी त्यांच्या काळात काय कापलं ते ऐकून निर्णय घेऊ नका.

मायक्रोस्कोपशी मैत्री

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन, कारण निम्मी प्रॅक्टिकल्स यावरच आहेत आणि हे कोणी नीट बसून शिकवत नाही. कायम सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडच्या बाजूची भिंग) सुरू करायचं, 4एक्स असेल तर 4एक्स, नाहीतर 10एक्स. मोठा नॉब फिरवून फोकस, दिसायला लागलं की छोट्या नॉबने साफ, जे हवंय ते बरोब्बर मध्यभागी आणायचं आणि मगच 45एक्स फिरवायचं. 45एक्सवर गेल्यावर मोठ्या नॉबला हात लावायचा नाही म्हणजे नाहीच. मी दुसऱ्याच प्रॅक्टिकलला लावला, कट्ट् आवाज आला आणि डिपार्टमेंटची जुनी पर्मनंट स्लाइड गेली, मामांनी (लॅब अटेंडंट, त्यांच्याशी चांगलं वागा, अर्धी लॅब त्यांच्यावर चालते) ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते. मॅग्निफिकेशन किती हे जर्नलमध्ये लिहायचं असतं, आयपीस (डोळ्याकडची भिंग) 10 आणि ऑब्जेक्टिव्ह 45 असेल तर 450, गुणाकार करायचा, बेरीज नाही. हसू नका, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) 55 सांगणारे असतात. तेल फक्त 100एक्सला, आणि काम झालं की पुसायचं.

दिसणारं चित्र उलटं असतं, त्यामुळे स्लाइड डावीकडे सरकवली की आतली पेशी उजवीकडे पळते. दोन दिवसांत हाताला सवय होते. रंग न दिलेली साल, म्हणजे कांद्याचा पापुद्रा वगैरे, बघताना सगळे लाइट फुल करतात आणि मग काही दिसत नाही म्हणून रडतात. उलट करा, खालचा डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करायची झडप) थोडा बंद करा, उजेड कमी झाला की पेशीच्या कडा उठून दिसतात. आणि जाड काळ्या कडेचे एकदम गोल गोल दिसतात ना, त्या पेशी नाहीत, हवेचे बुडबुडे आहेत. दर वर्षी कोणीतरी ते मन लावून काढतं आणि त्याला न्यूक्लिअससुद्धा दाखवतं. बुडबुडे नको असतील तर कव्हर स्लिप धपकन टाकायची नाही, एक कड पाण्याला टेकवून सुईच्या आधाराने हळूच तिरकी खाली सोडायची.

जे दिसतं तेच काढा

जर्नलमध्ये सीनिअरची आकृती उतरवायचा मोह सगळ्यांना होतो. पण कांद्याच्या मुळाचं मायटोसिसचं, म्हणजे पेशी विभागताना बघायचं, प्रॅक्टिकल घ्या. पेल्यातल्या पाण्यावर कांदा ठेवून दोन-तीन दिवसांत आलेली मुळं सकाळी कापतात, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात फिक्स करतात, मग अ‍ॅसिडमध्ये थोडी मऊ करून अ‍ॅसिटोकार्मिनचा रंग, जरा उष्णता (उकळायचं नाही, नुसतं कोमट), आणि कव्हर स्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकला की पेशी गोळा होतात आणि खेळ खलास. यात घ्यायचं असतं ते फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर, पेशी तिथेच विभागत असतात. पोरं वरचं जाड मूळ घेतात कारण ते हाताळायला सोपं, आणि मग तासभर शोधत बसतात.

बरं, टोक बरोबर घेतलं तरी पुस्तकातल्यासारखे चारही टप्पे रांगेत उभे राहत नाहीत. बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये (विभाजनाच्या आधीची अवस्था) असतात, त्याखालोखाल प्रोफेज (विभाजनाचा पहिला टप्पा), आणि अ‍ॅनाफेज (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात तो) एखादीच सापडते. असं का, तर जो टप्पा जास्त वेळ चालतो त्यातल्या पेशी जास्त दिसतात, लोकलचा फोटो कधीही काढला तरी दारात लटकलेला माणूस दिसतो पण उडी मारतानाचा क्वचितच मिळतो, तसं. सीनिअरच्या जर्नलमधून चार सुंदर आकृत्या उतरवल्या असत्या तर हे मला कधी कळलंच नसतं. कांद्यात गुणसूत्रं 16 असतात, सगळी मोजता आली नाहीत तरी चालेल पण प्रयत्न करून बघा.

आकृती पेन्सिलने, एका रेषेत, शेडिंग न करता. नावं एकाच बाजूला, त्यांच्या रेषा एकमेकींना न कापता. आणि हे त्याच दिवशी, लॅबमध्येच. घरी जाऊन करू म्हटलं की झालं, मग सबमिशनच्या आदल्या रात्री बारा प्रॅक्टिकल्स एकदम, आणि जर्नल सर्टिफाय झालं नाही तर परीक्षेला बसायचे वांधे.

इंग्रजी शब्दांचं काय करायचं

मराठी मीडियममधून आलेल्यांना सुरुवातीला वाटतं की आपल्यालाच काही येत नाही. खरं सांगू का, तुमच्याकडे एक जादाचं हत्यार आहे. प्लाझ्मोलिसिस म्हणजे काय हे इंग्लिश मीडियमवाला घोकतो, तुम्ही शाळेत रससंकोच शिकलाय, शब्दातच उत्तर आहे. ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, व्हॅक्यूओल म्हणजे रिक्तिका, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक. वहीच्या मागे दोन कॉलम करा, महिनाभरात गरज उरणार नाही. उलटही होतं, मायटोकाँड्रियाला तंतुकणिका म्हणून फारसा उजेड पडत नाही, तिथे सरळ इंग्रजीच लक्षात ठेवा.

रससंकोचाचं प्रॅक्टिकल रिओच्या पानावर होतं, वरून हिरवं आणि खालून जांभळं पान, सोसायटीच्या बागेत कुंडीकुंडीत असतं ते. खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा घट्ट मिठाच्या पाण्यात ठेवला की जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तेच हे. पेशी मेली नसेल आणि परत साध्या पाण्यात टाकली तर ती फुगून पूर्ववत होते, वेळ उरला तर हे नक्की करून बघा, मॅडम सांगत नाहीत तरी.

केमिकल टेस्ट तशा सोप्या आहेत. आयोडीन निळंकाळं झालं की स्टार्च, बाययुरेट जांभळं झालं की प्रोटीन. फक्त साखर ओळखायच्या बेनेडिक्ट टेस्टमध्ये घरातली साखर टाकून विटकरी रंगाची वाट बघत बसू नका, ती साखर म्हणजे सुक्रोज, ते रिड्यूसिंग (या टेस्टला रंग देणारं) नाही त्यामुळे तो येणार नाही, ग्लुकोजला येईल. व्हायवाला हमखास विचारतात. टेस्ट ट्यूब वॉटर बाथमध्येच तापवा आणि तोंड कुणाकडे धरू नका.

कॉलेजबाहेरची लॅब

मुंबईत राहून हे शिकतोय याचा फायदा घ्या. पावसाळ्यात भिंतींवर येतं ते हिरवं मखमली मॉस, पावावर येते ती बुरशी बहुतेकदा रायझोपस, दोन्ही सिलॅबसमध्ये निघतात. जास्वंदीच्या फुलाचं प्रॅक्टिकल असेल तर आदल्या दिवशी घरी एक फूल उभं चिरून बघा, पुंकेसरांची नळी, त्यातून आरपार गेलेली स्त्रीकेसराची दांडी आणि खाली अंडाशय, आणि मग भेंडीचं फूल मिळालं तर तेही, दोन्ही एकाच कुळातली का ते लगेच दिसतं. माशांच्या खवल्यांचं प्रॅक्टिकल असेल तर बाजारात मावशींकडे जा. रोहूची खवलं मागा, त्या फुकट देतील, आणि मुशीच्या (छोट्या शार्कच्या) अंगावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, सँडपेपरसारखं लागतं, तेच प्लॅकॉइड स्केल. मला हे चार्टवरून दोनदा चुकलं होतं, बाजारात एकदा हात लावल्यावर परत चुकलं नाही.

रविवार मोकळा असेल तर राणीच्या बागेत झाडं बघायला जा, प्राण्यांपुढे गर्दी असते तेव्हा झाडांपाशी कोणी नसतं. खाडीकिनारी तिवर दिसलं तर जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं बघा आणि पानाला बोट लावून चाखा, खारट लागतं, कारण ते जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं. चिखलात मात्र उतरू नका.

परीक्षा

प्रॅक्टिकल चुकलं तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करायची परवानगी मागा. मटेरियल ताजं असतं तोवर मॅडम नाही म्हणत नाहीत, महिन्याने गेलात तर मटेरियलच नसतं.

स्पॉट्सना (टेबलावर मांडलेले नमुने ओळखायची परीक्षा) घंटा वाजली की पुढे सरकायचं असतं, त्यामुळे आधी नाव लिहा, मग ओळखायची खूण, वर्णन शेवटी. तयारी म्हणून डिपार्टमेंटच्या कपाटातले स्पेसिमेन मामांना विचारून एकदा जारसकट फिरवून बघा, कारण परीक्षेत जार पाठमोरा ठेवलेला असतो आणि पुस्तकात फक्त पुढची बाजू असते. व्हायवाला एक्सटर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बहुतेक तुमच्याच जर्नलचं पान उघडून विचारतात, हे काय काढलंय, आणि हे इथे का. आकृती स्वतः काढली असेल तर अडत नाही. एखादं आलंच नाही तर सरळ नाही येत म्हणा, फेकाफेकी केली की पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो.

मार्क लागल्यावर जर्नल परत मागून घ्या, रद्दीत जायच्या आत. ज्युनिअर मागायला येतील, त्यांना बघायला द्या, घरी न्यायला नाही.