महाविद्यालय बंद होणार असे कळल्यावर
ठाणे किंवा नवी मुंबईतील आपले छोटे महाविद्यालय बंद होणार असे कळले, तरी विद्यार्थ्यांनी घाईने दाखला काढू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय संलग्न महाविद्यालय बंद करता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावरही, आधी प्रवेश घेतलेल्यांचे नुकसान होऊ नये म्हणून, प्रथम वर्षापासून सुरुवात करून ते टप्प्याटप्प्यानेच बंद करावे लागते. म्हणून प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून परवानगीची प्रत मागावी, अर्जाची पोच घ्यावी आणि एक प्रत मुंबई विद्यापीठाकडे पाठवावी; तोंडी आश्वासन कितीही आपुलकीचे असले तरी पुढे कामास येत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या पदवीला धक्का लागत नाही, कारण ती विद्यापीठाची असते. अडते ते महाविद्यालयाच्या दप्तरापाशी: जनरल रजिस्टरमधील नोंद, बोनाफाईड, महाविद्यालय सोडल्याचा दाखला. कार्यालयात जुने लिपिक आहेत तोवरच साक्षांकित प्रती घ्याव्यात आणि दप्तर पुढे कोणाच्या ताब्यात जाणार, हे लेखी विचारावे. अनामत रक्कमही मागावी. ती सहसा विसरली जाते. वार्षिक अंक आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे मात्र कोणी मागितल्याशिवाय रद्दीतच जातील, तेव्हा ती माजी विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन स्कॅन करावीत.