सायकियाट्रीची पोस्टिंग बंक मारू नका रे, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) तेच लागते

सायकियाट्रीची (मानसोपचार विभागातली) पोस्टिंग म्हणजे पीजी प्रवेशाच्या एमसीक्यू सोडवायचा टाइम असं सगळेच समजतात, पण उद्या बॉन्डमध्ये (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत) मेळघाटात नाहीतर झरी-जामणीकडं ड्युटी लागली की तिथं विचारायला सिनियर नसतो.

पहिलं म्हणजे पेशंटची भाषा शिका. ओपीडीत 'मले डिप्रेशन आहे' म्हणत कोणी येत नाही, येते ते 'जीव घाबरते', 'डोकं जड रायते', 'अंगात ताकदच नाई, सलाईन लावून द्या'. बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघाच, पण सगळं नॉर्मल निघालं की मल्टिव्हिटॅमिन देऊन वाटेला लावू नका. झोप लागते का, पहाटे कितीला जाग येते, कामात मन लागते का, हे विचारा. पीएचक्यू-9 (डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची यादी) चे प्रश्न त्याले समजतील अशा शब्दात विचारता आले पाहिजे. बाईला विचारताना सासूला बाहेर बसवा, नाहीतर ती काहीच बोलणार नाही.

मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात खूळ भरते हा गैरसमज आहे. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, काही ठरवलं का, आणि फवारणीचं औषध कुठं ठेवता. ते त्याच दिवशी घरातून हलवायला नातेवाइकांना सांगा. विष घेतलेला पेशंट ॲट्रोपिनवर (फवारणीच्या विषावरचा उतारा) बडबडत असला तर तो डेलिरियम (शरीरातल्या बिघाडानं किंवा औषधानं आलेला तात्पुरता भ्रम) असू शकते, पागल झाला म्हणून मोकळे होऊ नका. आणि शुद्धीवर आला की मनाची तपासणी झाल्याशिवाय डिस्चार्ज नाही. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम 115 तेवढं वाचून ठेवा, असा माणूस तणावाखाली होता असंच धरायचं असते, त्याला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही.

आता दारू, यात लय लोक फसतात. फ्रॅक्चर म्हणून ॲडमिट झालेला माणूस दोन दिवस नीट असतो, मग दारू अचानक तुटल्यानं तिसऱ्या रात्री थरथर, घाम, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटून पळते. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. म्हणून ॲडमिट करतानाच शेवटची कधी घेतली ते विचारा. फिट बहुतेक पहिल्या 48 तासांत येते, डीटी (डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे वर सांगितलेली थरथर आणि भ्रम) साधारण 48 ते 96 तासांत. लोराझेपाम किंवा डायझेपाम द्यायचं, ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी1), नुसतं हॅलोपेरिडॉल (भ्रमावरचं इंजेक्शन) टोचून गप्प करायचं नाही, त्यानं फिटचा धोका वाढते.

लिथियमवाला (बायपोलर आजाराची ही गोळी चालू असलेला) पेशंट मे महिन्यात उलट्या, झोकांड्या घेऊन आला तर उन्हात पाणी कमी पडलं का, अंगदुखीची डायक्लोफेनॅक घेतली का बघा, दोन्हीनं रक्तातलं लिथियम वाढते. लिथियम थांबवा, रक्तातल्या लेव्हलसाठी लगेच रेफर करा.

मांत्रिकावरून भांडत बसू नका, पूजा करा पण गोळी सोडू नका म्हणा, चटके आणि साखळी मात्र बिलकुल नाही. डिप्रेशनच्या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर आठवड्यात बंद करून येते. चिठ्ठीवर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 पण लिहून द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येते.