शाखेतून शाखेकडे मल्टिकास्ट का पोहोचत नाही: डीएमव्हीपीएनमधील दोष शोधण्याची रीत

हब-अँड-स्पोक पद्धतीच्या, म्हणजे सर्व शाखा मुख्यालयातील एका राउटरला (हबला) जोडलेल्या, नेटवर्कमध्ये मुख्यालयातून शाखांकडे जाणारा मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी श्रोत्यांच्या गटाला पाठवलेला, प्रवाह सहसा फारशी कुरकुर न करता सुरू होतो. अडते ते एका शाखेतला प्रवाह दुसऱ्या शाखेत न्यायचा असतो तेव्हा. दोन्ही शाखा एकमेकींना पिंग करू शकतात, राउटिंग तक्ते भरलेले असतात, टनेल उभे असते आणि तरीही दुसऱ्या शाखेतला पडदा काळाच राहतो. युनिकास्ट राउटिंग, म्हणजे एकाच पत्त्याकडे जाणाऱ्या पॅकेटचे राउटिंग, त्याला कुठे जायचे आहे ते पाहते. मल्टिकास्ट राउटिंग मात्र ते कुठून आले हे आधी पाहते, आणि हबवर हे ‘कुठून’ व ‘कुठे’ एकाच टनेल इंटरफेसवर येऊन आदळतात. म्हणून पिंग लागतो या गोष्टीला येथे पुरावा मानू नये.

उदाहरणासाठी सिस्कोच्या राउटरांवरील डीएमव्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून गरजेप्रमाणे टनेल उभी करणारे खासगी जाळे, घेऊ. हबचा टनेलवरील पत्ता १०.०.०.१, शाखा ‘अ’चा १०.०.०.२ आणि शाखा ‘ब’चा १०.०.०.३ आहे. ‘अ’मधील १०.२.०.१० या पत्त्याचा व्हिडिओ एन्कोडर २३९.१०.१०.१० या गटाला प्रवाह पाठवतो आणि ‘ब’मधील संगणकांना तो हवा आहे. सर्वत्र पिम (राउटरांनी मल्टिकास्टची वाट आपसांत ठरवण्याचा प्रोटोकॉल) स्पार्स मोडमध्ये, म्हणजे मागणी आली तरच प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीत, चालू असून रॉन्देव्हू पॉइंट (आरपी), म्हणजे उगम आणि श्रोते यांची गाठ घालून देणारा राउटर, हबच्याच १०.२५५.०.१ या लूपबॅक पत्त्यावर आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात.

आधी लक्षण नीट विचारून घ्या

‘व्हिडिओ दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवर कामाला लागू नये. प्रवाह एकदाही आला नाही, की काही क्षण आला आणि मग थांबला, की नीट चालू असताना तिसऱ्याच एखाद्या शाखेने पाहणे बंद केल्याबरोबर इथलाही बंद पडला, हे विचारून घ्यावे. या तीन लक्षणांची कारणे बहुतेक वेळा वेगवेगळी असतात, आणि ते एक उत्तर मिळाले की पुढची निम्मी तपासणी वाचते.

पिमचे शेजारी

हबवर आणि दोन्ही शाखांवर ‘शो आयपी पिम नेबर’ चालवावे. हबला टनेलवर सर्व शाखा दिसल्या पाहिजेत आणि प्रत्येक शाखेला फक्त हब दिसला पाहिजे. शाखा एकमेकींच्या पिम शेजारी नसतात आणि तसे नसणे हा दोष नाही, कारण डीएमव्हीपीएनमध्ये दोन शाखांमध्ये गरजेपुरते उभे राहणारे थेट टनेल युनिकास्टसाठी असते आणि मल्टिकास्ट नेहमी हबमार्गेच जाते. हे ठाऊक नसल्यामुळे काही जण शाखाशाखांमध्ये मल्टिकास्टचे मॅपिंग हाताने लिहू लागतात. तसे करू नये.

हबला शाखा दिसतात पण शाखेला हब दिसत नाही, अशी एकतर्फी ओळख आढळली, तर हबच्या टनेलवर पुढील ओळ राहून गेली आहे का ते पाहावे.

आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट डायनॅमिक

उलट स्थिती असेल, तर शाखेच्या टनेलवर हबच्या सार्वजनिक पत्त्याकडे नेणारे ‘आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट’ लिहिलेले नसते किंवा त्यात जुना पत्ता राहिलेला असतो. खालचे इंटरनेट मल्टिकास्ट वाहून नेत नसल्याने, पॅकेटच्या प्रती कोणाकोणाला काढून द्यायच्या याची यादी राउटरला एनएचआरपीकडूनच, म्हणजे टनेल पत्त्यांची सार्वजनिक पत्त्यांशी सांगड घालणाऱ्या प्रोटोकॉलकडूनच, मिळते. टनेलवर ईआयजीआरपी किंवा ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल असेल तर ही चूक पहिल्याच तासात उघडी पडते, कारण त्यांचे हॅलो संदेशही मल्टिकास्टच असतात. बीजीपी असेल तर मात्र त्याची टीसीपी सत्रे युनिकास्टवर बिनघोर चालतात आणि मल्टिकास्टची गरज पडेपर्यंत चूक कोणाच्या लक्षात येत नाही. बदल केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. पिमचा हॅलो दर ३० सेकंदांनी जातो आणि शेजाऱ्याची नोंद १०५ सेकंद टिकते, तेव्हा दोन मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. याच टप्प्यावर टनेलचा डेझिग्नेटेड राउटर (त्या जाळ्यावरील राउटरांच्या वतीने काम पाहणारा) हबच आहे याचीही खात्री करावी, आणि नसेल तर शाखांवर ‘आयपी पिम डीआर-प्रायॉरिटी ०’ द्यावे.

हबवरील जाण्याच्या इंटरफेसांची यादी

आता हबवर ‘शो आयपी एमराउट २३९.१०.१०.१०’ पाहावे. दोषाचे मूळ सर्वाधिक वेळा येथे सापडते. ज्या इंटरफेसवरून पॅकेट आत आले, त्याच इंटरफेसवरून ते परत बाहेर पाठवायचे नाही, हा मल्टिकास्टचा मूलभूत नियम आहे. तो नसता तर पॅकेटे फिरतच राहिली असती. साध्या लॅनवर हा नियम योग्यच आहे, कारण तेथे पाठवणाऱ्याचे पॅकेट शेजाऱ्यांनी आधीच ऐकलेले असते. टनेलवर मात्र ‘अ’ने पाठवलेले पॅकेट ‘ब’ने ऐकलेले नसते, आणि हबला ते दोघेही ‘टनेल ०’ याच एका नावाखाली दिसतात. परिणामी एस-जी, म्हणजे ठरावीक उगम आणि गट या जोडीच्या, नोंदीत आत येण्याचा इंटरफेस टनेल ० असतो आणि जाण्याची यादी रिकामी, म्हणजे ‘नल’, असते. पॅकेट हबपर्यंत येते आणि तेथेच टाकून दिले जाते.

यावर उपाय म्हणजे हबच्या टनेल इंटरफेसवर दोन ओळी असणे.

आयपी पिम स्पार्स-मोड
आयपी पिम एनबीएमए-मोड

दुसरी ओळ मूळची फ्रेम रिले या जुन्या जोडणीच्या काळातील अपुऱ्या, म्हणजे सर्व टोके एकमेकांना थेट न जोडलेल्या, जाळ्यांसाठीची आहे. तिच्यामुळे हब टनेलला एक इंटरफेस न मानता, ज्या शाखेने जॉइन (प्रवाह हवा असल्याचा) संदेश पाठवला त्या प्रत्येकीची नोंद तिच्या टनेल पत्त्यासह वेगळी ठेवतो. मग त्याच तक्त्यात जाण्याच्या यादीत ‘टनेल ०, १०.०.०.३’ असे दिसू लागते, आणि आत येणारा व बाहेर जाणारा इंटरफेस नावाने एक असूनही पॅकेट पुढे जाते. यादीत इंटरफेसच्या नावाशेजारी पत्ता दिसतो की नाही, एवढ्यावरून हा मोड लागू झाला का ते ओळखता येते.

तिसऱ्या लक्षणाचे उत्तरही येथेच आहे. साध्या लॅनवर एका राउटरने प्रून (प्रवाह नको असल्याचा) संदेश पाठवला, की वरचा राउटर सुमारे ३ सेकंद थांबतो आणि ज्याला प्रवाह अजून हवा आहे असा दुसरा राउटर तो प्रून ऐकून लगेच जॉइन पाठवतो. टनेलवर शाखांना एकमेकींचे प्रून ऐकूच येत नाहीत. एनबीएमए मोड नसेल तर एका शाखेने प्रवाह सोडताच हब सगळ्यांचाच बंद करतो, आणि तो पुढच्या नियमित जॉइनपर्यंत, म्हणजे अगदी ६० सेकंदांपर्यंत, बंद राहू शकतो. शिवाय हा मोड नसल्यास मुख्यालयातून निघालेला प्रवाह नको असलेल्या शाखांकडेही जातो. ४ एमबीपीएसच्या प्रवाहाच्या ३० शाखांसाठी ३० प्रती काढल्या तर हबच्या दुव्यावर १२० एमबीपीएस आणि तितक्याच एन्क्रिप्शनचा भार पडतो, हे गणित आधीच करून ठेवलेले बरे.

एनबीएमए मोड जॉइन संदेशांवर उभा असल्याने तो फक्त स्पार्स मोडमध्ये उपयोगी पडतो. म्हणूनच ऑटो-आरपीच्या, म्हणजे आरपीचा पत्ता आपोआप कळवणाऱ्या सोयीच्या, २२४.०.१.३९ आणि २२४.०.१.४० या गटांची पॅकेटे, जी डेन्स पद्धतीने, म्हणजे मागणीची वाट न पाहता सगळीकडे, पसरतात, एका शाखेतून दुसरीत जात नाहीत. ऑटो-आरपी ठेवायचेच असेल तर मॅपिंग एजंट (तो पत्ता सर्वांना जाहीर करणारा राउटर) हबवर किंवा हबच्या मागे असावा. माझ्या मते अशा नेटवर्कमध्ये आरपीचा पत्ता प्रत्येक राउटरवर हाताने लिहावा आणि तो विषय संपवावा.

सुरू होतो आणि थांबतो

व्हिडिओ काही क्षण दिसून थांबत असेल, तर संशय ‘ब’वरील आरपीएफकडे, म्हणजे पॅकेट उगमाकडच्या योग्य बाजूनेच आले का या पडताळणीकडे, वळवावा. पहिली पॅकेटे आरपीमार्गे, म्हणजे सामाईक झाडावरून (झाड म्हणजे प्रवाहाच्या फाटत जाणाऱ्या वाटांची रचना), येतात. पहिले पॅकेट मिळताच ‘ब’चा राउटर उगमाकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या झाडावर उडी मारू पाहतो आणि त्यासाठी उगमाकडे नेणारा शेजारी युनिकास्ट तक्त्यातून शोधतो. डीएमव्हीपीएनच्या दुसऱ्या टप्प्याच्या रचनेत, म्हणजे फेज २ मध्ये, त्या तक्त्यात पुढचा थांबा म्हणून थेट १०.०.०.२ असतो. तो ‘ब’चा पिम शेजारी नाही. त्यामुळे जॉइन एकतर निघतच नाही, किंवा हबपर्यंत पोहोचला तरी त्यावर १०.०.०.२ हे नाव असल्याने हब तो आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देतो. इकडे दोन झाडांचे शेजारी वेगळे ठरल्यामुळे सामाईक झाडावरचा प्रवाह छाटला जातो. नवे झाड उभे राहत नाही आणि जुने तुटलेले असते.

निदान एका कमांडने होते. ‘ब’वर ‘शो आयपी आरपीएफ १०.२.०.१०’ चालवावे. उत्तरात आरपीएफ शेजारी १०.०.०.१ असला पाहिजे. १०.०.०.२ दिसला किंवा शेजारी सापडत नाही असे उत्तर आले, तर दोष हाच. सोपा उपाय म्हणजे सर्व शाखांवर पुढील ओळ देऊन ती उडीच बंद करणे.

आयपी पिम एसपीटी-थ्रेशोल्ड इन्फिनिटी

यात तोटा काही नाही, कारण मल्टिकास्ट एरवीही हबमार्गेच जाणार आहे आणि आरपी तेथेच बसला आहे. मात्र ही ओळ श्रोत्यांच्या लगतच्या राउटरवर लागते; शाखेच्या राउटरमागे लेअर-३ (स्वतः राउटिंग करणारा) स्विच असून श्रोते त्याच्याखाली असतील, तर ती स्विचवर द्यावी लागते. अनेकदा ती टनेलच्या राउटरवर दिली जाते आणि काही फरक पडला नाही म्हणून पुसूनही टाकली जाते.

२३२.०.०.०/८ मधील एसएसएम गट (ज्यांत श्रोता गटासोबत उगमही सांगतो) वापरात असतील तर या ओळीचा उपयोग नाही, कारण तेथे आरपीच नसतो आणि श्रोत्याचा जॉइन पहिल्यापासून उगमाकडेच निघतो. अशा वेळी ‘ब’वर ‘आयपी एमराउट १०.२.०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१’ अशी ओळ लिहावी. ती पॅकेटांना वाट दाखवत नाही. आरपीएफच्या प्रश्नाला फक्त वेगळे उत्तर देते, आणि येथे तेवढेच हवे असते.

फेज ३ मध्ये पुढचा थांबा हबच असल्याने सारे ठीक वाटते, पण दोन शाखांमध्ये थेट युनिकास्ट संवाद सुरू झाला की एनएचआरपी आखूड वाटेची नोंद तक्त्यात घालते आणि आरपीएफचे उत्तर बदलू शकते. ‘अ’ आणि ‘ब’मध्ये कोणी फोन जोडला की व्हिडिओ थांबतो, अशी तक्रार आली तर ती हसण्यावारी नेऊ नये, फोन चालू असताना ‘शो आयपी आरपीएफ’ पुन्हा पाहावे.

कधीच आला नाही तर

हबवर वरच्या दोन ओळी असूनही एकही पॅकेट येत नसेल, तर श्रोत्याकडून उगमाकडे सरकत जावे. ‘ब’वर ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’मध्ये गट दिसला पाहिजे (आयजीएमपी म्हणजे संगणकांनी राउटरला गटाची मागणी कळवण्याचा प्रोटोकॉल). नसेल तर दोष लॅनमध्ये, बहुधा स्विचच्या आयजीएमपी स्नूपिंगमध्ये किंवा खुद्द संगणकाच्या फायरवॉलमध्ये आहे, टनेलमध्ये नव्हे. ‘ब’वरील स्टार-जी, म्हणजे कोणताही उगम आणि हा गट अशा, नोंदीत आरपीएफ शेजारी १०.०.०.१ असावा. हबवरील स्टार-जी नोंदीत मात्र आत येण्याचा इंटरफेस ‘नल’ आणि शेजारी ०.०.०.० दिसतो. हब स्वतःच आरपी असल्याने हे बरोबर आहे. मी एकदा त्यालाच दोष समजून अख्खी दुपार घालवली आहे. तिन्ही राउटरांवर ‘शो आयपी पिम आरपी मॅपिंग’ एकच पत्ता दाखवते का, तेही याच वेळी पाहावे.

शेवटी ‘अ’वर यावे. एन्कोडर प्रवाह सोडतो आहे आणि तरीही ‘अ’च्या पलीकडे काही जात नाही, असे असेल तर टीटीएल, म्हणजे पॅकेटला किती राउटर ओलांडता येतील तो आकडा, तपासावा. मल्टिकास्ट सॉकेटचा मूळचा टीटीएल १ असतो, आणि असे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपते. ‘शो आयपी ट्रॅफिक’मधील ‘बॅड हॉप काउंट’ हा आकडा प्रवाह चालू असताना भराभर वाढत असेल, तर एन्कोडरच्या सेटिंगमध्ये टीटीएल १६ किंवा ३२ करावा.

चित्र येते पण फाटके

हा झाडाचा दोष नसून बहुधा आकाराचा असतो. टनेलवर ‘आयपी एमटीयू १४००’, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार १४०० बाइट, ठेवण्याची प्रथा आहे. त्यासोबतचे एमएसएस (टीसीपी तुकड्याचा कमाल आकार) समायोजन फक्त टीसीपीला लागू पडते, व्हिडिओ मात्र यूडीपीवर असतो. शिवाय मल्टिकास्ट पॅकेटाबद्दल आयसीएमपी त्रुटी संदेश पाठवला जात नाही, त्यामुळे पॅकेट मोठे झाले हे एन्कोडरला कोणी सांगत नाही. एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे १८८ बाइटांचे ७ तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, अधिक आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० मिळून १३५६ होतात, आणि ते १४०० मध्ये बसतात. एन्कोडर यापेक्षा मोठी पॅकेटे बनवत असेल तर तेथेच आकार कमी करावा.

चाचणी घेताना

खऱ्या श्रोत्याची वाट न पाहता ‘ब’च्या लॅन इंटरफेसवर ‘आयपी आयजीएमपी जॉइन-ग्रुप २३९.१०.१०.१०’ द्यावे आणि ‘अ’च्या लॅनवरील एखाद्या संगणकावरून, टीटीएल वाढवून, गटाला पिंग करावे. पिंग ‘अ’च्या राउटरवरूनच केला तर तो पिम चालू असलेल्या प्रत्येक इंटरफेसवरून, त्या त्या इंटरफेसच्या पत्त्यासह बाहेर पडतो आणि तक्त्यात नको त्या नोंदी उगवून गोंधळ वाढतो.

दुरुस्ती झाल्यावर किमान ५ मिनिटे प्रवाह चालू ठेवावा, कारण जॉइनची नोंद २१० सेकंद टिकते आणि अर्धवट दुरुस्ती तेवढा वेळ यशाचा आव आणू शकते. त्या काळात हबवर ‘शो आयपी एमराउट काउंट’ दोनदा चालवून पुढे गेलेल्या पॅकेटांचा आकडा वाढतो आणि आरपीएफ फेल्डचा आकडा स्थिर राहतो, हे पाहावे. मग ‘ब’वरील जॉइन-ग्रुपची ओळ काढून टाकावी, ती राहिली तर प्रवाह कोणी पाहत नसतानाही त्या शाखेत येत राहील आणि प्रत्येक पॅकेट राउटरच्या प्रोसेसरवर जाईल.