रॅलीचं नंतर, आधी कुकरची शिट्टी बघा

घर सोडून आलेल्या बायकांच्या निवारागृहासाठी मोटारसायकल रॅली काढून संसाराच्या वस्तू गोळा करणार असाल, तर ही तयारी. पेट्रोल, चाकातली हवा, लायसन्स, पाणी. यावर वेळ घालवत नाही. हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, कायदाच आहे तो.

पहिला फोन निवारागृहाच्या अधीक्षिकांना करा आणि काय हवंय ते लिहून घ्या. आपल्या मनानं आवाहन केलं की जुन्या साड्यांची गाठोडी येतात, बादल्या-डबे येतच नाहीत. तिथून बाहेर पडणारी बाई भाड्याच्या एका खोलीत संसार मांडणार असते. तिला कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, दोन पातेली, पाण्याला कळशी, अंथरूण-पांघरूण लागतं. आतले कपडे आणि पॅड नवेच घ्यायचे, त्यावर चर्चा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वस्तू पूर्ण आहे का, ते देणाऱ्याच्या दारातच बघा. कुकरला रबर आहे? शिट्टी आहे? मिक्सरच्या भांड्याला झाकण आहे? मागच्या खेपेला हेच राहिलं आणि बिनशिट्टीचे कुकर निवारागृहात नुसते पडून राहिले. रबर कुकरच्या मापाचंच लागतं, दुसरं बसत नाही. हातात मजुरीचे मोजके पैसे असलेल्या बाईनं त्यासाठी दुकानं का पालथी घालायची? म्हणून झाकण लावून बघा, मिक्सर बोर्डाला लावून फिरवून बघा. देणाऱ्या ताई म्हणाल्या, “शिट्टी असंल कुठंतरी घरात,” तर थांबा. त्यांना शोधू द्या. नाहीच सापडली तर नवी घेऊन घालायची जबाबदारी कुणाची, ते तिथंच ठरवा. रबर, शिट्टी, झाकण: नोंदवहीत या तीन खुणा झाल्याशिवाय वस्तू गाडीवर चढवू नका.

गॅसची शेगडी घ्या, पण जुनी नळी घेऊ नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर तर अजिबात नको, ते ग्राहकाच्या नावावर असतात. पत्त्याचा पुरावा नसलेल्या बाईला पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, हे अधीक्षिकांच्या कानावर घाला. इंडक्शन दिली तर सोबत सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं हवं. त्यावर ॲल्युमिनियमचं तापत नाही. म्हणजे पुन्हा तेच, अर्धी वस्तू.

भांड्यांवर घातलेली नावं बघा. आपल्याकडे लग्नातल्या प्रत्येक ताटावर नाव असतं. घर सोडून आलेल्या बाईनं रोज दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव वाचत जेवावं, हे मला पटत नाही. शक्यतो बिननावाची मागा.

मोटारसायकलवर चादरी, डबे, हलकी पोती एवढंच. जड सामानाला मागून छोटा हत्ती टेम्पो लागतोच, त्याचं भाडं आधी ठरवा. लातूरहून रेणापूर, अंबाजोगाई, केज करत बीडला जाणार असाल तर पहाटे निघा आणि अंधाराआधी पोचा. गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं लाल दिवाही नसतो. पोत्यांच्या दोऱ्या प्रत्येक थांब्यावर ओढून बघा.

निवारागृहाचा पत्ता कुणालाही देऊ नका. पत्रकावर नको, ग्रुपवर नको, सोबतच्या स्वारांनाही नको. तिथल्या बायका ज्यांच्यापासून सुटून आल्यात ते शोधत असतात. रॅली बीडमध्ये एखाद्या मैदानावर संपवा. तिथून फक्त टेम्पो पुढं जाईल, सोबत अधीक्षिकांनी मान्य केलेल्या दोघी. बॅनर, भोंगे, लोकेशन चालू असलेले फोन, सगळं मैदानावरच राहील. बायका-लेकरांचे फोटो काढायचे नाहीत, पाठमोरेही नाहीत. गोळा करताना दारात वस्तू देणारी कुणी बाई हळूच आपलंच दुखणं सांगायला लागली तर 181 हा नंबर तिला तोंडी सांगा, चिठ्ठी देऊ नका. चिठ्ठी घरात सापडते.

टेम्पो भरताना पुन्हा कुकर उघडा. रबर, शिट्टी. वाटेत थांब्यांवर शिट्ट्या पिशवीतून निसटतात, म्हणून प्रत्येक शिट्टी त्याच कुकरच्या दांड्याला सुतळीनं बांधा.

उतरवताना नोंदवहीप्रमाणे मोजून द्या, अधीक्षिकांची सही घ्या. उरलेलं परत आणा, तिथं ढीग लावू नका. टेम्पोवाल्याचे पैसे लगेच द्या. परतीला एकटं कुणी निघायचं नाही, घरी पोचल्यावर प्रत्येकानं फोन करायचा.