पुन्हा पुन्हा येणारी कामं: तारखेवरून मोजायची की केल्यापासून?

टू-डू ॲपमध्ये ‘दर 3 महिन्यांनी’ असं टाकलं की आपण निर्धास्त होतो. पण ते तीन महिने कधीपासून मोजायचे? बहुतेक ॲप हे न विचारताच ठरवतात आणि ठरलेल्या तारखेपासून मोजायला लागतात. घरातल्या बऱ्याच कामांना ते लागू पडत नाही.

पाण्याच्या फिल्टरचं काट्रिज घ्या. 1 जानेवारीला बदलायचं होतं, आज-उद्या करत 20 फेब्रुवारीला बदललं. तारखेवरून मोजणारं ॲप पुढची आठवण 1 एप्रिलला देणार, तेव्हा नवं काट्रिज जेमतेम चाळीस दिवसांचं असेल. असं दोनदा झालं की ती आठवण न बघताच बाजूला सारायची सवय लागते, आणि खरी वेळ येते तेव्हाही तेच होतं.

पैसे भरायच्या कामांत नेमकी उलटी चूक होते. बिलाची मुदत 12 तारखेची आहे आणि नियम ‘केल्यापासून एक महिना’ असा लावलाय. 8 ला भरलं तर पुढची आठवण 8 ला. एकदा गडबडीत 13 ला भरलं, की तिथून पुढे आठवणच मुदत टळल्यावर येते.

म्हणून नोंद करताना आधी बघायचं ते हे: काम उशिरा झालं तर पुढची वेळही पुढे सरकते का? एकाच स्कूटरची दोन कामं यात वेगवेगळ्या बाजूला पडतात. विमा पॉलिसीवर छापलेल्या तारखेला संपतो, तुम्ही काहीही करा. पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राची, मुदत मात्र तपासणी केली त्या दिवसापासून सुरू होते. बीएस-4 आणि बीएस-6 या धुराच्या मानकांच्या गाड्यांना वर्षभर, त्याआधीच्यांना सहा महिने. विमा ‘तारखेवरून’, पीयूसी ‘केल्यापासून’. रक्तदानही केल्यापासूनच मोजायचं, आणि तेही दिवसांत: पुरुषांसाठी 90 दिवस, स्त्रियांसाठी 120. ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे हप्त्यांनी आगाऊ भरायचा आयकर, पक्का तारखेचा. सुरुवात 15 जून आणि ‘दर 3 महिन्यांनी’ एवढं टाकलं की 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च आपोआप बसतात.

टूडूइस्ट या ॲपमध्ये हा फरक एका चिन्हात आहे. काम लिहिताना इंग्रजीत नुसतं ‘एव्हरी 3 मंथ्स’ टाइप केलं तर मोजणी तारखेवरून होते. ‘एव्हरी’ला चिकटून उद्गारचिन्ह दिलं तर टिक केल्या दिवसापासून. अँड्रॉइडवरच्या टास्क्स डॉट ऑर्गमध्ये पुनरावृत्ती लावतानाच देय तारीख की पूर्ण केल्याची तारीख, हे निवडता येतं. तुमच्या ॲपमध्ये असा पर्याय नसेल तर ‘केल्यापासून’वाल्या कामांना पुनरावृत्ती लावूच नका. काम झालं की टिक न करता तारीखच 90 दिवस पुढे ढकला. ओबडधोबड उपाय आहे, पण हिशेब बरोबर राहतो.

‘केल्यापासून’मध्ये एक मेख आहे. ॲपला काम केलेला दिवस कळत नाही, टिक केलेला दिवस कळतो. रविवारी टाकी धुतली आणि बुधवारी टिक केलं तर मोजणी बुधवारपासून. लगेच टिक करायचं राहिलं असेल तर टिक केल्यावर आलेली नवी तारीख तीन दिवस मागे घ्या.

महिनाअखेरीचा घोळ वेगळाच. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर प्रमाणकावर चालते (2009 चा, ‘आरएफसी 5545’ या नावाचा दस्तऐवज), त्यात जी तारीख त्या महिन्यात नाही ती सरळ वगळायची असा नियम आहे. त्यामुळे ‘दर महिन्याच्या 31 ला’ लावलेलं काम वर्षातून सातदाच येतं आणि 30 चं फेब्रुवारीत गायब होतं. ॲप हा नियम पाळेलच असं नाही; एखादं 28 वर आणून ठेवतं आणि पुढे 28 लाच चिकटून राहतं. तुमचं काय करतं ते दोन मिनिटांत कळेल: 31 जानेवारीचं खोटं काम तयार करा, दोनदा टिक करा, तारखा बघा. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असा पर्याय असेल तर तोच घ्या. नसेल तर काम 25 ला आणा.

तसंही मुदतीच्या दिवशी आठवण लावणं हा जुगारच. पीपीएफमध्ये 5 तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. मग आठवण 1 ला लावा आणि कामाच्या नावातच ‘5 च्या आत’ लिहा. नावात क्रियापदही हवं. नुसतं ‘वीजबिल’ लिहिलं तर बिल न भरता नुसतं उघडून बघितलं तरी टिक होतं. ‘वीजबिल भरणे, पावती ठेवणे’ असं असेल तर होत नाही.

चुकलेल्या फेरीचं काय करायचं, हे सहसा कुणी ठरवत नाही. ती माफ की जमा? सकाळचं फिरणं तीन दिवस चुकलं तर माफ. चौथ्या दिवशी चारदा फिरायचं नसतं. सोसायटीचा मेंटेनन्स दोन महिने थकला तर दोन्ही भरावे लागतात, आणि एका टिकमध्ये थेट चालू महिन्यावर उडी मारणारं ॲप थकलेला महिना गिळून टाकतं. ईमॅक्स या संगणकावरच्या टेक्स्ट एडिटरमध्ये कामांच्या नोंदींसाठी ऑर्ग-मोड आहे, त्यात यासाठी स्वतंत्र खुणा आहेत: + लावलं तर तारीख एकच पाऊल पुढे जाते, मग ती अजून मागची का असेना; ++ लावलं तर ठरलेला वार सांभाळून पुढच्या येत्या तारखेवर; .+ लावलं तर आजपासून मोजणी. इतर ॲपमध्ये जमा धरायची कामं महिन्याच्या नावानं सुटी टाका: ‘मेंटेनन्स जून’, ‘मेंटेनन्स जुलै’. वर्षाच्या बारा नोंदी करायला पाच मिनिटं लागतात.

मागच्या वेळी कधी केलं, हे शोधायची वेळ येतेच. काही ॲपमध्ये तीच नोंद पुढे सरकते, काहींत जुनी पूर्ण झालेल्यांत जाते आणि नवी तयार होते. टिक करण्याआधी वर्णनात एक ओळ टाका: ‘14 मार्च, काट्रिज बदललं, किंमत, दुकान’. ती पुढच्या नोंदीत उतरते का, हे मघाच्या खोट्या कामावरच तपासून घ्या.

संकष्टीसाठी मात्र कुठलाच नियम लावू नका. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे ‘दर 30 दिवसांनी’ लावलं तर तीन-चार महिन्यांतच तिथी हुकते, आणि चतुर्थी कधी कुठल्या वारी येईल ते चंद्रोदयावर. पंचांग समोर ठेवून वर्षाच्या तारखा एका बैठकीत टाका. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा त्यातली संकष्टी राहून जाऊ देऊ नका.