आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी उलगडणारी कागदी डबी

सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, आजीला द्यायचं काय? पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस धरले तर हजारावी पौर्णिमा येते तेव्हा एक्याऐंशीवं वर्ष सरत आलेलं असतं. एवढ्या वर्षांत साड्या, शाली, चांदीची निरांजनं सगळं येऊन गेलेलं असतं आणि त्यातलं निम्मं आजीनेच पुढे कुणाला तरी देऊन टाकलेलं असतं. अशा माणसाला हाताने केलेली डबी द्यावी. झाकण उचललं की चारही भिंती पाकळ्यांसारख्या खाली पडतात आणि आतले फोटो, चार ओळी, मधोमध उभा असलेला चंद्र समोर येतो. बाजारात हिला एक्स्प्लोजन बॉक्स म्हणतात.

इंटरनेटवरच्या बहुतेक डब्या विशीतल्या मैत्रिणीसाठी केलेल्या असतात: तीन-चार थर, मुंगीएवढी अक्षरं, चमकी, घट्ट झाकण. आजीसाठी यातलं जवळजवळ सगळं उलटं करायचं. थर दोनच, अक्षर मोठं, चमक कमी, झाकण सैल. डबी ‘खास तिच्यासाठी’ होते ती इथे. झाकणावर नाव चिकटवणं ही नंतरची गोष्ट.

कापाकापीच्या आधी मजकूर गोळा करा, कारण वेळ त्यालाच लागतो. नातेवाइकांना नुसतं ‘आजीबद्दल दोन ओळी लिहा’ सांगितलंत तर सगळीकडून ‘तू आमची प्रेरणा आहेस’ एवढंच येईल. त्याऐवजी नेमकं विचारा: तिने तुला कशावरून रागावलं होतं? तिच्या हातचं काय खाल्लंस जे दुसरीकडे मिळालं नाही? मग ‘कैरीच्या फोडी मोजून वाळत घालायचीस आणि तरी आम्ही चोरायचो’ अशी ओळ हाती लागते. प्रत्येकाला आपल्याच हस्ताक्षरात लिहायला सांगा. परगावचे लोक कागदावर लिहून फोटो पाठवतील, तो छापून घेता येतो. अक्षराची उंची निदान 7-8 मि.मी. हवी आणि शाई काळी किंवा गडद निळी. सोनेरी पेनाने लिहिलेलं दिव्याच्या उजेडात वाचता येत नाही.

जुने फोटो अल्बममधून ओरबाडू नका. चिकटून बसलेला फोटो सुटताना त्याचा वरचा थर पानालाच राहतो. दिवसा खिडकीजवळ अल्बम सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो काढा आणि मॅट कागदावर छापून घ्या. ग्लॉसी कागद चमकतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो वा नसो, या वयात चमक डोळ्यांना नकोशीच होते.

आता कागद. ए-3 आकाराची दोन कार्डशीट घ्या, साधारण 250 जीएसएमची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद 70-80चा असतो आणि त्याची भिंत उभीच राहत नाही. चार्ट पेपरही नको. पुण्यात अप्पा बळवंत चौक किंवा बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट इथे हवे ते रंग मिळतात. गावात स्टेशनरीवाल्याला ‘जाड कार्डशीट’ म्हटलं की पुरतं. रंग सायीसारखा किंवा फिका घ्या, म्हणजे शाई उठून दिसते. याशिवाय स्टीलची पट्टी, कटर, रिकामं झालेलं बॉलपेन, फेव्हिकॉल आणि दुहेरी चिकटपट्टी.

बाहेरच्या थरासाठी 27 से.मी.चा चौरस कापा. प्रत्येक बाजूवर 9 से.मी.च्या खुणा करून उभ्या-आडव्या दोन-दोन रेघा आखल्या की नऊ चौकोन होतात. कोपऱ्यातले चार कापून टाका, अधिकचं चिन्ह उरेल. आतल्या थरासाठी हेच दुसऱ्या कार्डशीटवर 24 से.मी.च्या चौरसात करा, खुणा 8 से.मी.वर.

घडी घालण्याआधी रेघेवर पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने दाबून ओढा. ही पायरी गाळली तर कडेला कागद फाटल्यासारखा पांढरा दिसतो. आणखी एक: कापडाला उभा-आडवा धागा असतो तशी कागदालाही तंतूंची दिशा असते. कार्डशीट हलकेच दोन्हीकडून वाकवून बघा, एका बाजूने ते सहज वाकेल. त्या दिशेच्या दोन घड्या सुरेख बसतात, बाकीच्या दोन अडतात. तिथे पेन दोनदा फिरवा. भिंती आतल्या बाजूला वळवून घडीवर चमच्याची पाठ घासा, मग परत उघडा. भिंती आपणहून खाली पडायला हव्या असतील तर घडी बाहेरच्या बाजूलाही एकदा मोडून सैल करा.

झाकणासाठी वेगळा कागद लागत नाही. पहिल्या कार्डशीटवर 27 से.मी. गेल्यावर 15 से.मी.ची पट्टी उरते, त्यातून 14.4 से.मी.चा चौरस काढा. चारही कडांपासून 2.5 से.मी.वर रेघा दाबा. मधे 9.4 से.मी. राहतात, म्हणजे डबीपेक्षा 4 मि.मी. जास्त. एरवी दोन-तीन मि.मी. पुरतात, पण इथे झाकण थरथरत्या बोटांनीही निघायला हवं. प्रत्येक कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनाची एकच बाजू कापा, तो आत वळवून शेजारच्या भिंतीला आतून चिकटवा. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या खालच्या कडेला अंगठा मावेल एवढी अर्धगोल खाच द्या.

फोटो चिकटवताना जो गोंधळ होतो तो दिशेचा. आतल्या बाजूला लावायच्या फोटोत माणसाचं डोकं मधल्या चौकोनाकडे ठेवा. डबी उलगडून समोर फिरवत गेलं की प्रत्येक पाकळी सरळ दिसते. आतल्या थराच्या पाठीवर मात्र उलट, डोकं मोकळ्या कडेकडे, कारण ती पाकळी उचलल्यावरच ती बाजू दिसते. चिकटवण्याआधी फोटो नुसते ठेवून एकदा उघडझाप करून बघा. थर एकमेकांना जोडताना फेव्हिकॉल तळाच्या चौकोनालाच लावा, तोही बोटाने अगदी पातळ पसरून. फोटोंना दुहेरी चिकटपट्टीच वापरा, ओल्या गोंदाने त्यांना सुरकुत्या पडतात.

चंद्र सोपा आहे. चंदेरी किंवा पांढऱ्या कार्डशीटच्या 6 से.मी. व्यासाच्या दोन चकत्या कापा, दोन्हींना खाली 1 से.मी.ची जीभ ठेवा. एका चकतीला वरून मध्यापर्यंत चीर द्या, दुसरीला जिभेसकट खालून मध्यापर्यंत. चिरा एकमेकींत अडकवल्या की चंद्र उभा राहतो. दुसऱ्या चकतीच्या जिभेचे दोन भाग झालेले असतात, ते दोन बाजूंना आणि पहिलीची जीभ एका बाजूला वळवून तळाला चिकटवा. पुढची-मागची बाजू धरून चंद्राचे आठ अर्धे भाग होतात; त्यांवर मुलं, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं अशी नावं लिहा. कुणाचं राहिलं तर आजीच्या नाही, पण त्या माणसाच्या नक्की लक्षात येईल, म्हणून यादी आधी करा.

डबी रात्रभर उलगडूनच दोन जाड पुस्तकांखाली ठेवायची असेल तर चंद्र त्यानंतरच बसवा. पावसाळ्यात कार्डशीट सादळून भिंती मऊ पडतात, कोकणात तर हमखास. अशा वेळी डबी झाकणासह हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात घालून न्या, सोबत नव्या पर्सबरोबर येते ती सिलिकाची पुडी टाका.

द्यायची वेळही ठरवून ठेवा. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं चालू असताना कागदाची वस्तू जवळपास नको. ओवाळून झालं, तबक आत गेलं, की पानं मांडायच्या आधी डबी आजीच्या मांडीवर न देता समोर टीपॉयवर ठेवा, भिंती पडायला सगळीकडून हातभर जागा लागते. आणि तिचा वाचायचा चष्मा कुठे आहे ते कुणाला तरी आधीच शोधायला सांगा.